जन्मसाल विचारून हात झटकणाऱ्यांना



तुमच्या कंपनीचं नाव या पत्रात नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीचे सुटल्यासारखे वागतील, आणि मला कुणालाच सोडायचं नाही. मोबाइलवर आलेल्या मुलाला जो जन्मसाल निवडायला लावतो, त्यानं निवडलेला आकडा खरा धरतो आणि पुढे काही विपरीत घडलं की ‘आम्ही वय विचारलं होतं, मुलानंच खोटं सांगितलं’ म्हणून मोकळा होतो, त्या प्रत्येकाला उद्देशून हे लिहिते आहे. तुमचं अॅप खेळाचं असेल, व्हिडिओचं असेल, नाहीतर गप्पांचं. पत्र कुणाला आहे हे तुम्हाला कळेल.

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या आया विड्या वळतात. वडील यंत्रमागावर असतात, नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. शाळेत मराठी, घरात तेलुगू, पलीकडच्या गल्लीत दखनी उर्दू, अक्कलकोटकडून आलेल्या घरांत कन्नड. घरात मोबाइल बहुधा एकच, तो वडिलांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या नावावर, आणि तो सगळ्यात जास्त ज्याच्या हातात असतो ते त्या घरातलं सगळ्यात लहान लिहितं-वाचतं माणूस असतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हीच या घरांना सांगितलं की मुलासाठी मोबाइल घ्या, अभ्यास त्यावर येईल. लोकांनी उचल काढून मोबाइल घेतले. शाळा पुन्हा उघडल्या, मोबाइल मात्र मुलांच्याच हातात राहिला. आमच्यामागून त्या मोबाइलमध्ये तुम्ही शिरलात.

आधी तुमच्या त्या जन्मसालाच्या पट्टीबद्दल बोलते. मुलं पहिल्या वेळी खरं साल टाकतात. नऊ-दहा वर्षांच्या पोराला आपली जन्मतारीख नुकती पाठ झालेली असते, ती सांगायला त्याला आवडतं. तो २०१५ निवडतो. तुमचं अॅप म्हणतं, तुमचं खातं उघडता येणार नाही. तो अॅप बंद करतो, पुन्हा उघडतो, पट्टी खाली ओढत २००० पर्यंत नेतो, आणि तुम्ही त्याला आत घेता. त्याच मोबाइलवर, मिनिटभरापूर्वी, त्यानं खरं वय सांगितलेलं असतं. कोणत्या व्हिडिओवर मूल किती सेकंद थांबलं, कुठल्या चित्रावर परत आलं, रात्री किती वाजता झोपलं याचा हिशेब तुम्ही ठेवता. मग एका मिनिटापूर्वीचं २०१५ तुमच्या लक्षात राहिलं नाही, यावर मी विश्वास ठेवत नाही. तुम्ही ते विसरायचं ठरवलेलं आहे. खरं सांगितलं तर दार बंद होतं आणि खोटं सांगितलं तर उघडतं, हा धडा माझ्या विद्यार्थ्यांना तुम्ही चौथीत दिलात. मी सातवीत त्यांना काहीही शिकवलं तरी तो धडा त्यांच्या मनात पहिला बसलेला असतो.

आणि तेरा वर्षांखालच्यांना खातं नाही, ही तुमची अट तरी आली कुठून? १९९८ मध्ये अमेरिकेनं मुलांच्या ऑनलाइन माहितीसाठी कायदा केला, त्यात तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची परवानगी लागेल असं ठरवलं. परवानगी घेण्यापेक्षा तेराखालच्यांना नाही म्हणून टाकणं कंपन्यांना स्वस्त पडलं, आणि तो आकडा तसाच जगभर फिरला. सोलापूरच्या मुलाला तेराव्या वर्षी काय समजतं, त्याच्या घरात त्याच्यामागे कोण आहे, हे त्या आकड्यानं कधी पाहिलेलं नाही.

आता आपल्याकडे कायदा झाला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, असं हा कायदा म्हणतो. मुलाची माहिती वापरायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलात तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. वाचून मला बरं वाटलं होतं. मग नियम क्रमांक दहा नीट वाचला.

तो नियम सांगतो की जो स्वतःला पालक म्हणवतो तो खरोखरच प्रौढ आहे का, हे तुम्ही तपासायचं. तुमच्याकडे आधीपासून असलेली त्याची माहिती पाहा, किंवा डिजिलॉकरसारख्या मार्गानं खात्री करा. तो माणूस त्या मुलाचाच आई किंवा बाप आहे का, हे तपासायची पद्धत त्यात नाही. नियमासोबत दिलेली उदाहरणंसुद्धा अशी सुरू होतात की मुलानं सांगितलं, मी लहान आहे. किंवा पालकानं सांगितलं, हे माझं मूल आहे. न सांगणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे उदाहरणांत येत नाही. म्हणजे २०१५ सोडून २००० निवडणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यापर्यंत हा नियम पोहोचत नाही. तुमच्या वकिलांनी ही फट माझ्याआधी पाहिली असणार.

समजा, मुलानं खरं सांगितलं. मग संमती कुणाच्या हातून येणार, तेही सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईचा आधार क्रमांक, त्यावर ओटीपी; नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यावर ओटीपी. आमच्या भागात किती तरी घरांत ते काम मुलांनी केलं. आईच्या मांडीवर सूप, हातात कात्री आणि ओलं पान, बोटं तंबाखूनं माखलेली. ती म्हणते, काय आलंय बघ. मूल आकडे वाचतं, टाकतं, ‘झालं अम्मा’ म्हणतं. रेशनचं तसंच, गॅसचं तसंच, बचत गटाच्या हप्त्याचं तसंच. घराचा सगळा सरकारी आणि बँकेचा व्यवहार बारा वर्षांच्या बोटांमधून जातो, आणि ती मुलं तो जबाबदारीनं करतात, याचा मला अभिमान आहे. पण तुम्ही उद्या आईची संमती मागाल तेव्हा ती संमतीसुद्धा हीच मुलं देतील. ओटीपी आईच्या नंबरवर येईल, आई खरी, तिचं वय खरं, तिचं आधार खरं. तुमच्या दप्तरात सगळं नियमानुसार नोंदलं जाईल. फक्त तिला काय विचारलं होतं, हे तिला कधी कळलेलं नसेल.

ती अडाणी आहे म्हणून असं होईल, असं कृपा करून म्हणू नका. दिवसाला किती विड्या झाल्या, कंपनीच्या ब्रँचमध्ये किती विड्या खराब म्हणून छाटल्या गेल्या, किती पैसे कापले गेले, हे ती तोंडी सांगते आणि भांडून घेते. तिला समजेल अशा रीतीनं तुम्ही विचारलेलंच नाही. कायदा तुम्हाला सांगतो की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. त्या बावीस भाषांमध्ये मराठी आहे, तेलुगू आहे, कन्नड आणि उर्दूही आहे. पण माझ्या विद्यार्थ्यांच्या तेलुगू बोलणाऱ्या पालकांपैकी कितीतरी जणींना तेलुगू लिपी वाचता येत नाही. त्यांचं जे काही शिक्षण झालं ते मराठी शाळेत. त्यांना ऐकवावं लागेल. एखाद्या गाण्याचा तुकडा त्यांच्या पोरांच्या कानात दिवसातून शंभरदा वाजवण्याची सोय तुमच्याकडे आहे. चार वाक्यं आईला तेलुगूतून ऐकवण्याची सोयही करता येईल.

हे शहर तुमच्यासारख्यांना पूर्वीपासून ओळखतं, म्हणून मला राग जास्त येतो. विडीच्या धंद्यात वयाची अट कागदावर फार जुनी आहे. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं कारखान्यात मुलांना कामाला लावायला बंदी केली. १९८६ च्या बालकामगार कायद्यानं विडी वळणं मुलांसाठी बंद असलेल्या कामांच्या यादीत घातलं. पण त्याच कायद्यात एक सूट होती: घरच्या माणसांच्या मदतीनं स्वतःच्या जागेत काम चालत असेल तर बंदी लागू नाही. काम घरी होतंच. पान आणि तंबाखू ब्रँचमधून घरी जायची, तयार विड्या परत यायच्या, मधल्या वेळात कुणाची बोटं चालली हे विचारायला कुणी नव्हतं. सोलापुरात शाळा सोडून आईशेजारी बसलेल्या मुलींच्या पिढ्या गेल्या, आणि कागदोपत्री एकाही मालकानं मूल कामाला ठेवलेलं नव्हतं. मुलगी आईला मदत करत होती, एवढंच. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलींच्या आज्या त्यातल्याच. २००६ मध्ये सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती या बायकांच्या लढ्यातून. त्या घरांच्या भिंतींआड आता तुम्ही येऊन बसला आहात आणि मालकांचं तेच उत्तर देता आहात: मोबाइल पालकांचा, घर पालकांचं, लक्ष ठेवणं पालकांचं काम. नफा मात्र त्या घरातून रोज बाहेर जातो, तेव्हा तो पालकांचा नसतो.

लक्ष ठेवणाऱ्या मोठ्यांचं काय होतं, तेही पाहा. जुलै २०२५ मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळताना दिसत असल्याची चित्रफीत पसरली. आपण खेळत नव्हतो, तो खेळ समोर आला आणि आपण तो बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. मी तो खुलासा जसाच्या तसा खरा धरते. म्हणजे राज्याच्या मंत्र्याला, भर सभागृहात, नको असलेला पत्त्यांचा डाव समोर येऊन तो बंद करत बसावं लागलं. मग विडी कामगारांच्या वसाहतीतल्या सातवीतल्या मुलानं तो बंद करावा, ही अपेक्षा तुम्ही कोणत्या तोंडानं करता? त्यांच्याकडून कृषी खातं गेलं. ज्यांनी तो डाव समोर आणला त्यांचं काही गेल्याचं मी ऐकलं नाही. निदान ऑगस्टपर्यंत तरी नाही. ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याआधीची सगळी वर्षं अशा खेळांच्या जाहिरातींच्या शेवटी एक आवाज भरभर सांगून जायचा की हा खेळ अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, जबाबदारीनं खेळा. माझ्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत ती ओळ त्याच वेगानं म्हणून दाखवायची. तुमचा इशारा त्यांना पाठ होता. पाठ होणं आणि पोहोचणं यातला फरक मला शिक्षिका म्हणून माहीत आहे, आणि जाहिरात करणारे म्हणून तुम्हालाही.

माझ्या रागाचा फायदा घेऊन उद्या तुम्ही दुसऱ्या टोकाला जाल, अशी मला भीती आहे. म्हणाल, ठीक आहे, मग प्रत्येकाचं आधार आणा, प्रत्येकाचा चेहरा दाखवा. ते मला नको आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड कंपनीनं कबूल केलं की सुमारे ७०,००० लोकांच्या ओळखपत्रांची छायाचित्रं चोरांच्या हाती गेली असू शकतात. त्यांतल्या पुष्कळांनी ती वय सिद्ध करण्यासाठीच दिली होती. मुलांना वाचवायचं म्हणून अख्ख्या सोलापूरची आधार कार्डं तुमच्या हाती द्यायची आणि ती तुम्ही कुठल्या तरी ठेकेदाराकडे ठेवायची, याला मी संमती देणार नाही. वय पडताळा, ओळख साठवू नका. अठरा पूर्ण, एवढं हो किंवा नाही कळलं की पुरे. नियमांत त्यासाठी टोकनची सोय आहे.

सरकारच्या हाती सगळ्या किल्ल्या द्याव्यात असंही मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर झालेल्या बंदबद्दल एकीनं फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीनं ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी पकडलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम त्यांनाही लागलं. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं, पण त्यासाठी मार्च २०१५ उजाडला. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियानं २०२३ मध्ये आपल्यासारखाच कायदा केला, मुलांचं वय तपासा आणि पालकांची संमती घ्या म्हणून कंपन्यांना बजावलं. त्याच देशानं जून २०२१ पासून जानेवारी २०२२ पर्यंत ट्विटर पूर्ण बंद ठेवलं होतं. राष्ट्राध्यक्षांचा मजकूर ट्विटरनं काढून टाकल्यानंतर दोनच दिवसांत ती बंदी आली होती. इंटरनेटवर नियम घालणारा हात कधी मुलांच्या डोक्यावर असतो, कधी बोलणाऱ्याच्या तोंडावर. माझ्या विद्यार्थ्यांना मोठं होऊन बोलायचं आहे. म्हणून मला सरकारपेक्षा आधी तुमच्याकडून काम करून घ्यायचं आहे. तुम्ही आपणहून काही केलं नाहीत की सरकारला आयतं निमित्त मिळतं.

तुमच्या वाट्याचं काम आमच्या लोकांनी करून पाहिलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, आणि दीड तास गावातले मोबाइल, टीव्ही बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल द्यायचा नाही असा ठराव केला. या गावांचं मला कौतुक आहे. पण मुलांची संध्याकाळ परत मिळवायला गावाला भोंगा बसवावा लागतो, याची लाज तुम्हाला वाटायला हवी. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागात भोंगा कोण वाजवणार? इथे सातला आईचं काम संपलेलं नसतं आणि वडिलांची पाळी सुरू झालेली असते. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, आणि त्यात मुलाला किंवा पालकाला दंड ठेवला नाही. दंड फक्त कंपनीला, जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. सोळा हे वय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. दंड कुणाला लावायचा, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

आमच्याकडच्या कायद्यातली ही बंधनं पाळायला तुम्हाला मे २०२७ पर्यंत मुदत आहे. तोवर थांबायची मुभा तुम्हाला आहे, पण थांबलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. मुलानं एकदा खरं जन्मसाल सांगितलं की त्या मोबाइलवर ते विसरू नका. दुसऱ्यांदा वेगळं साल आलं तर तेव्हा पडताळा. ज्याचं वय नक्की माहीत नाही त्याला लहान समजा: त्याला अनोळखी माणसाचा निरोप येऊ देऊ नका, त्याच्या आवडी हेरून जाहिरात दाखवू नका, रात्री अकरानंतर त्याला घंटा वाजवून उठवू नका. प्रौढाला यातलं काही हवं असेल तर तो मागून घेईल. एवढा त्रास त्याला झाला तर चालेल. आणि संमती मागायची तर आईला तिच्या भाषेत, आवाजात, मुलाच्या मदतीशिवाय कळेल अशी मागा. तिनं ‘नाही’ म्हटलं तर ते ‘नाही’ तुमच्या पडद्यावर ‘हो’ इतकंच मोठं दिसलं पाहिजे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमची पालकसभा असते. पाळ्या सांभाळून, पान-तंबाखूचं माप पूर्ण करून आया येतात. तुमचं उत्तर तोवर पाठवा. मराठीत आणि तेलुगूत पाठवा, लिहून नको, बोलून पाठवा. मी ते सभेत सगळ्यांना ऐकवीन, आणि त्यावर आया जे प्रश्न विचारतील ते तुम्हाला कळवीन.

सोलापूरची एक शिक्षिका